माहेर काढून दाखवा

विजयमालाबाई आमच्या हडपसरच्या शाळेत मराठी शिकवायच्या, पण बोलायच्या कमी आणि काढायच्या जास्त. कवितेत अवघड शब्द आला की फळ्यावर चित्र. काढणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, एक अक्षर लिहायचं नाही, आणि बाकीच्यांनी शब्द ओळखायचा. पहिलं चित्र बाईंचं, मग मुलांची पाळी. शेजारच्या वर्गात मी गणित शिकवत असायचो. भिंतीपलीकडचा तो आरडाओरडा ऐकून माझं डोकं उठायचं. एकदा त्यांनी शिंकाळं काढलं, तर पोरं ओरडली, बास्केटबॉल! गोफण काढली, तर म्हणे मोबाइलचा चार्जर. घ्या! चहूकडे आयटीच्या काचेच्या इमारती उठत होत्या, पोरांनी गोफण बघायची कुठे? बाई मात्र कधी चिडल्या नाहीत. पुसायच्या आणि पुन्हा काढायच्या.

सातवीच्या एका कवितेत दरवर्षी 'माहेर' हा शब्द यायचा. बाईंचं चित्र ठरलेलं: चिंचेचं झाड, उघडं दार, आणि कपाळावर आडवा हात धरून रस्त्याकडे बघणारी म्हातारी. पोरं मिनिटात ओळखायची.

ते त्यांचंच माहेर होतं, शाळेपासून रिक्षाने वीस मिनिटांवर. म्हातारी गेली, मागोमाग वडील गेनबा गेले. मग जमिनीला एका कंपनीचं गिऱ्हाईक आलं आणि हिंमतराव अन् संभाजी या दोघा भावांना अचानक बहिणीची आठवण झाली. त्यांना हक्कसोड हवी होती. म्हणजे वडिलांच्या जमिनीत मला काही नको, असं बहिणीने कचेरीत जाऊन सही-अंगठ्यानिशी लिहून द्यायचं.

"अजिबात सही करू नका," मी शिक्षकखोलीत टेबलावर हात आपटून म्हणालो. "भावांना म्हणावं, चहा घ्या आणि निघा."

"मला जमीन नकोच आहे हो सर. भाऊबीजेला दार उघडं असलं म्हणजे झालं. सही नाही केली तर तेही बंद होईल."

"आणि केली तर उघडं राहील, असं कोणी सांगितलं?"

दुसऱ्याच्या घरात न्यायाधीश व्हायला माझं काय जातं!

दिवाळी आठवड्यावर आली होती. सोमवारी बाई आल्या त्या डाव्या अंगठ्याला निळी शाई घेऊनच. साबणाने गेली नव्हती.

"झालं," म्हणाल्या.

"भाऊ काय म्हणाले?"

"साडी दिली. चांगली आहे. हिंमतराव म्हणाला, येत जा." त्या अंगठा पदराला पुसत राहिल्या. "आई विचारायची, कधी येतेस? येत जा असं आपण शेजाऱ्यांना म्हणतो, नाही का?"

मला इतका संताप आला की हातातला खडू मोडला. बाईंना विचारलं, वाईट नाही वाटत? त्या म्हणाल्या, "काहीच वाटत नाही. दाढ काढायच्या आधी सुई टोचतात ना, तसं झालंय. गाल आपला आहे की नाही तेच कळत नाही."

त्या सुमारास हेडमास्तरांनी नवी टूम काढली होती. शिक्षकांनी एकमेकांच्या तासाला बसून शेरा लिहायचा. त्याच दिवशी मी सातवीत मागच्या बाकावर बसलो, आणि कविता नेमकी तीच निघाली.

बाई फळ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता चिंच येणार. पण त्यांनी टेबल काढलं. टेबलावर कागद. कागदावर एक हात, आणि त्याचा अंगठा खडूने गच्च भरला. शेजारी घडी घातलेली साडी काढली, काठासकट. मग खडू ठेवून त्या बाजूला उभ्या राहिल्या. दाराचा पत्ताच नव्हता.

"मतदान!" "रेशनचं दुकान!" "बँक!" पोरांनी एकच गिल्ला केला. सूरजच्या घरची जमीनही नुकतीच विकली गेली होती. तो बाकावर उभा राहून ओरडला, "मॅडम, खरेदीखत! आमच्यात परवाच झालं!"

बाई मान हलवत होत्या. नाही. नाही. नाही.

खिडकीजवळची सृष्टी उठली. वाशीमची पोर, वडील एका आयटी कंपनीच्या गेटवर वॉचमन. वर्षभरात तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"माहेर," ती म्हणाली.

वर्ग खो खो हसला. "ए येडे," सूरज म्हणाला, "झाड कुठंय? दार कुठंय?"

"मागच्या महिन्यात माही आई गेली होती वाशीमले," सृष्टी फळ्याकडे बघत म्हणाली. "मामानं अंगठा घेतला, मंग साडी देली. म्हने, येत जाय."

हसणं थांबलं. मला बाईंकडे बघवेना, तरी बघितलं. त्यांचे डोळे कोरडे होते.

"बरोबर," त्या रोजच्याच आवाजात म्हणाल्या. "आता तुमची पाळी. पुढचा शब्द घ्या."

तास सुटल्यावर मी शेऱ्याचा कागद पुढे ओढला. 'विद्यार्थ्यांना शब्दाचा अर्थ समजला काय?' पेन टेकवलं आणि हात तिथेच थांबला.

मंडईमागच्या आमच्या दोन खोल्यांच्या जागी नवी इमारत झाली, तेव्हा बिल्डरला वडिलांच्या पश्चात कागदावर एकच नाव हवं होतं. मुक्ताई, माझी धाकटी बहीण, एका हाकेसरशी आली. सही केली, अंगठा दिला. मी इरकली साडी दिली. आणि काय म्हणालो ते मला त्या बाकावर बसल्या बसल्या शब्दन् शब्द आठवलं. त्याला सहा वर्षं झाली. ती एकदाही आली नाही, आणि मी लोकांना सांगत होतो की तिला नोकरीमुळे सवड होत नाही. लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत.

शाळेच्या ऑफिसातून तिला फोन लावला.

"मुक्ते, भाऊबीजेला कधी येतेस?"



"का रे दादा?" ती म्हणाली. "कुठली सही राहिली का?"