आमचे व्याही आणि नेटबॉलची फायनल

दुबई हे शहर नावं ठेवण्यासाठीच वसवलं आहे, अशी पक्की समजूत असलेला एकच माणूस मला भेटला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. हिवाळ्यात ते सांगलीहून लेकीकडे, म्हणजे डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्याच घरी येत आणि बॅग उघडण्याआधी तोंड उघडत. इथले टोमॅटो दिसायला टोमॅटो, खायला पुठ्ठा. मॉलमध्ये लोक आधी थंडी विकत घेतात, मग स्वेटर. किराणावाला "कल आयेगा, इन्शाल्ला" म्हणाला की हे दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत दारात उभे. उमेदीच्या काळात कबड्डीचे पंच असल्यामुळे घरातही सगळ्यांचे फाउल धरत. माझ्या घोरण्यालासुद्धा त्यांनी एकदा रीतसर ताकीद दिली होती.

पण सगळ्यात जास्त तुच्छता नेटबॉलच्या वाट्याला आली. आमची नात सई इथल्या व्यावसायिक लीगमध्ये बचावाला खेळते. "बॉल घेऊन पळायचं नाही, कुणाला शिवायचं नाही, तीन फूट लांब राहून नुसते हात वर करायचे. हा खेळ आहे की सोवळ्यातला स्वयंपाक?" असं ते भर जेवणात विचारत. सई शांतपणे म्हणे, "नाना, इट्स कॉल्ड डिसिप्लिन." आणि तरी रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये तिच्यासमोर बॉल धरून उभे राहणारे हेच. ती जरा पुढे सरकली की पायातली चप्पल काढून मध्ये आडवी ठेवत. "ही हद्द. बापाची गाडी आली तरी ओलांडायची नाही."

त्या वर्षी सईचा संघ फायनलला पोचला. सिलिकॉन ओएसिसजवळच्या हॉलमध्ये आम्ही अख्खी रांग अडवून बसलो होतो. शेवटचे काही क्षण, गुण बरोबरीत, समोरच्या संघातली मुलगी रिंगकडे नेम धरून उभी आणि तिच्यापुढे हात उंचावून सई. नेम चुकला. आम्ही नाचायला उठलो, तेवढ्यात शिट्टी वाजली. अंपायरच्या मते सई तीन फुटांच्या आत होती. त्या मुलीला पुन्हा संधी.

आमची रांग खवळली. "ही बाई आंधळी आहे का?" सून ओरडली. सईनं मान वर करून आमच्याकडे, खरं तर नानांकडे पाहिलं. व्याही सावकाश उठले. दोन्ही तळहात समोर धरले आणि हळूच जवळ आणले. अंतर कमी होतं. सईनं मान खाली घातली. गोल झाला, आणि कप गेला.

गाडीत सून म्हणाली, "बाबा, स्वतःची नात आहे हो ती."

"म्हणून तर तिनं माझ्याकडे बघितलं," व्याही म्हणाले.

"व्याहीबुवा, पोरीचा कप घालवलात," मी पुढच्या सीटवरून म्हणालो. पुढे इथल्या मराठी मंडळींत हा किस्सा मी इतक्यांदा रंगवला की हळूहळू त्यात व्याही मैदानात धावले, अंपायरशी भांडले, त्यांना उचलून बाहेर नेलं, असं सगळं घडू लागलं. लोक पोट धरून हसत. त्या वर्षी व्याही तिकीट बदलून लवकर परतले. सई विमानतळावर गेली नाही. पुढचे हिवाळे ते आलेच नाहीत.

मी रंगवलं त्यातलं काही घडलं नव्हतं. ते फक्त उठले होते. आणि सईचा पुढे सरकलेला बूट त्यांच्या शेजारी बसलेल्या मलाही स्वच्छ दिसला होता.

गेल्या आठवड्यात हे सईला सांगितलं. ती सरावाला निघाली होती.

"आय न्यू, आजोबा. माझाच पाय होता."

"मग नानांशी बोलत का नाहीस?"

"तुम्ही सगळे म्हणत होतात ना, की मी बरोबर होते." तिनं वाकून बुटाची नाडी ओढली. "इट वॉज नाइस."

मी तिथल्या तिथे सांगलीला फोन लावला. "काय व्याही, दुबई अजून जागेवर आहे का?" तोच कुजका आवाज. मी फोन सईच्या हातात दिला.

"नाना," ती म्हणाली.

आणि सरावाची बॅग खांद्यावरून उतरवून खुर्चीत बसली.