तिघांचा फोटो

त्यांना सगळे ‘जरासे’ म्हणत. हे आडनाव नव्हे, ही त्यांच्या दिवसभराच्या बडबडीची कमाई. ‘जरासं डावीकडे.’ ‘हनुवटी जराशी खाली.’ ‘जरासं हसा, इतकं नको, दात मोजायचे नाहीत मला.’ कुठल्याशा लग्नात नवरदेवाच्या एका टवाळ मित्रानं ‘ओ जरासे, जरासं जेवून घ्या आता’ अशी हाक मारली आणि हॉलभर हशा पिकला. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. दुकानाच्या पाटीवर त्यांचं खरं नाव होतं, पण पाटी वाचून आत शिरणारं गिऱ्हाईक आजवर कुणी पाहिलंय?

पासपोर्ट फोटोंच्या दुकानात पडदे झटकण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि लग्नांपर्यंत येऊन पोचले. लग्नाला पूर्वी ते आणि त्यांची बायको मिळून जात. नवरीच्या खोलीत आधी ती शिरे. पाण्याच्या बाटल्या, चार्जर, कुणाच्या तरी चपला असं सगळं नजरेआड करी, रडवेल्या नवरीच्या हातात रुमाल देई आणि मग दार उघडून ‘या आता’ म्हणे. ती गेल्यापासून जरासे एकटेच जात. दारावर टकटक करून बाहेर उभे राहत आणि आतून बायका बोलावीपर्यंत स्वतःच्या बुटांकडे बघत. तिच्या जागी कुणालातरी ठेवा असं पुष्कळांनी सांगून पाहिलं. जरासे ‘बघू’ म्हणायचे. त्यांच्या ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असतो हे ओळखणारं माणूस एकच होतं, आणि तेच आता नव्हतं.

त्या दिवशीही ते असेच दाराबाहेर उभे राहिले. आत बोलावल्यावर पाहतात तो नवरी आरशासमोर बसलेली, तिची मैत्रीण केसांत पिना खोचतेय आणि नवरीची आई जमिनीवर मांडी घालून, तोंडात दोन टाचण्या धरून, लेकीच्या अंगावरच्या कपड्याला खालून टाके घालतेय. आई शिवणकाम करणारी. लेकीच्या लग्नाचा पोशाख तिनंच शिवला होता आणि अजून तिचं समाधान होत नव्हतं.

जरासेंनी खिडकीचा पडदा सारला. उजेड बरा होता. आरशात स्वतः दिसणार नाही अशा बेतानं ते कोपऱ्यात गुडघ्यावर बसले आणि त्यांनी आईच्या हातांचे फोटो काढले. सुई, दोरा, टाचण्या धरलेले ओठ. हे फोटो कुणी मागत नाही आणि पुढे अल्बममध्ये सगळे त्याच पानावर थांबतात, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

आई फुलांचं काय झालं ते बघायला खाली गेली तशी नवरीनं आरशातूनच त्यांच्याकडे पाहिलं.

“काका, एक काम आहे. आज बाबा येणारेत. मीच बोलावलंय. मला तिघांचा एक फोटो हवाय. मी, आई आणि बाबा.”

“काढू की. त्यात काय?”

“तुम्हाला माहीत नाही,” ती म्हणाली. “मी लहान असताना बाबा घर सोडून गेले. जुन्या फोटोंत ते होते, पण आईनं सगळीकडून त्यांना कापून काढलंय. तिची कात्री फार सफाईनं चालते. तिघांचा म्हणून एकही फोटो माझ्याकडे नाहीये. आज नाही झाला तर पुन्हा कधीच होणार नाही.”

“बघू,” जरासे सवयीनं बोलून गेले. मग त्यांनी जीभ चावली. “बघतो मी. बघतो.”

जिन्यातच आईनं त्यांना गाठलं. ही बाई आडवळणानं बोलणारी नव्हती.

“पोरीनं काय सांगितलं असेल ते मला कळतंय. येऊ दे त्याला, बसू दे, जेवू दे. पण तो माणूस एकाही फोटोत नको.”

“ताई, फोटोत कोण यावं ते घरच्यांनी ठरवायचं. मी नुसतं बटण दाबतो.”

जरासेंइतकं धडधडीत खोटं त्या दिवशी दुसरं कुणी बोललं नसेल. लग्नाचे फोटो म्हणजे बटण दाबणं असतं, तर बोलणं सोडलेल्या दोन भावांना एका चौकटीत आणताना त्यांचे केस पांढरे झाले नसते. ‘जरासं सरका, अजून जरासं’ करत त्यांनी कितीतरी भांडणं खांद्याला खांदा लावून उभी केली होती. पण ती फुगलेली, रुसलेली माणसं होती. इथे आईनं कात्री चालवली होती. त्या बाईला फसवून, पाठीमागून तिचा नवरा जात असताना गुपचूप फोटो टिपावा, असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. तसला फोटो म्हणजे चोरीचा माल. मुलीनं तो मागितला नव्हता.

वडील आले ते त्यांना कुणी दाखवावे लागले नाहीत. घड्यांच्या रेघा तशाच असलेला नवा कोरा शर्ट, हातात कागदात गुंडाळलेली भेट, आणि हनुवटी हुबेहूब नवरीची. शेवटच्या रांगेत, भिंतीलगतच्या खुर्चीवर ते बसले. खुर्चीच्या अगदी कडेवर, कुणी ‘उठा’ म्हणालं तर लगेच उठता यावं असे.

अंगठ्या घालताना नवरीची नजर नवऱ्यावर कमी आणि मागच्या भिंतीकडे जास्त. सह्या करताना तेच. साक्षीदार म्हणून आईनं सही केली, ठसठशीत, कागदाला आरपार जाईल अशी. नवरीनं पुन्हा मान वळवून मागे पाहिलं. दरवेळी जरासेंच्या फोटोत तिचा कान आणि अर्धा गाल तेवढा आला. ते मनातल्या मनात चरफडले. पण राग कुणावर काढायचा?

जेवणाच्या वेळी ताट हातात घेऊन जरासे वडिलांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले.

“मुलीची एक इच्छा आहे,” त्यांनी सरळच सांगितलं. “तिघांचा फोटो. तुम्ही वर याल का?”

वडिलांनी घास तसाच हातात धरला.

“तिनं मला पाहिलं, मी तिला पाहिलं. पुरे झालं. तिच्या आईला आजच्या दिवशी ताप नको.” घास परत ताटात ठेवत ते आपणहूनच म्हणाले, “त्या दिवशी ‘येतो’ म्हणून बाहेर पडलो होतो. तसं काय, निघताना सगळेच ‘येतो’ म्हणतात.”

माणूस चुकला होता, आणि चुकला म्हणून मिरवतही नव्हता. जरासेंना त्याचा राग धरायचा होता, तो काही केल्या धरता येईना. एवढं मात्र वाटलं, की ज्याचं माणूस जिवंत आहे, त्यानं त्याला भेटायला यायला इतकी वर्षं लावावीत? स्वतःच्या घरी कुणी यायचं उरलं नव्हतं, त्यामुळे असले हिशेब त्यांना फार लागायचे.

जेवणं आटोपली आणि ग्रुप फोटो सुरू झाले. हा भाग म्हणजे नुसता गोंधळ. उंच माणसांना पुढे उभं राहायची हौस, आणि ज्यांचे चेहरे बघण्यासारखे त्या मावश्या नेमक्या दुसऱ्याच्या खांद्याआड. एका मामांचे डोळे दर फोटोत मिटलेले. शेवटी जरासेंनी त्यांना सांगितलं, “मामा, तुम्ही डोळे मिटूनच उभे राहा, मी सांगेन तेव्हा उघडा.” तेवढी युक्ती लागू पडली. मोठा दिवा उजव्या अंगाला लावला होता आणि भिंतीतला प्लग नेमका डावीकडे, त्यामुळे वायर मंचासमोरून आडवी गेलेली. वायरीवर चिकटपट्टी मारायची त्यांची पद्धत होती. म्हणजे बायकोची. एकट्यानं सगळं करताना ती आज मारायची राहिली होती.

मित्र झाले, ऑफिसातले झाले, शेजारी झाले. जरासे स्टुलावर चढले आणि दरवेळेसारखे मोठ्यानं ओरडले, “आता फक्त घरचे!”

ओरडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण हे काय बोललो. मागच्या रांगेत वडील उठले होते. हातातली भेट त्यांनी खुर्चीवर ठेवली, शर्ट खाली ओढला आणि ते बाजूच्या दाराकडे निघाले. दाराची वाट मंचासमोरूनच होती. कुणाकडे न बघता, माणूस चालू नाटकातून उठून जातो तसे ते मान खाली घालून चालले होते. मंचावर नवरीनं ते पाहिलं आणि तिचा चेहरा पार उतरला. आता आपल्या हातून काही होत नाही, हे जरासेंना कळून चुकलं. आई सुईदोरा घेऊन, खाली वाकून लेकीच्या कपड्याला शेवटचा टाका घालत होती. ते स्टुलावरून उतरले आणि पाठ फिरवून दिव्यावर लावलेली पांढरी छत्री उगीचच नीट करू लागले. मुलीच्या तोंडाकडे बघवेना.

तेवढ्यात मागून हाक आली.

“अहो!”

‘अहो’ तर कुणीही कुणालाही म्हणतं. भाजीवाल्याला, डॉक्टरला, बसमधल्या अनोळखी माणसाला. जरासेंना दिवसभरात कितीदा तरी ‘अहो’ ऐकू येई, आणि त्यापुढे ‘फोटोवाले’ असे किंवा एखादं काम असे. या ‘अहो’च्या पुढे काहीच नव्हतं. दबका, घाईचा, अर्धा रागाचा आवाज. गॅसवर दूध उतू जाताना, गच्चीवरून उतरताना पाय घसरेल म्हणून, घरातली बाई आपल्या माणसाला हाक मारते तसा. असा ‘अहो’ त्यांनी फार दिवसांत ऐकला नव्हता. डोकं काही ठरवायच्या आत ते वळले, आणि तोंडातून निघून गेलं, “आलो, आलो.”

मंचाच्या कडेशी नवरीची आई उभी होती. तिचा एक हात पुढे झालेला. ती जरासेंकडे बघत नव्हतीच.

“तुम्हाला नाही,” ती म्हणाली.

बोलून गेल्यावर तिलाही कळलं. हॉलमधल्या सगळ्यांनाच कळलं. जरासे ‘आलो’ म्हणाले नसते, तर ती हाक गर्दीत विरून गेली असती. विचारलं असतं कुणी, तर फोटोवाल्याला बोलावलं म्हणून सांगून ती मोकळी झाली असती. आताही ‘हो, तुम्हालाच’ म्हणणं तिच्या हातात होतं. पण खोटं बोलायची तिला सवय नव्हती. जरासेंना नसेल, तर हाक कुणाला होती? वायरीच्या अलीकडे, एक पाय उचललेल्या अवस्थेत, नवरीचे वडील थिजल्यासारखे उभे होते.

“वायर आहे पायात,” आई कोरडेपणानं म्हणाली.

त्यांनी खाली पाहिलं. वायर ओलांडली. आणि तिथेच थांबले. दाराकडे जावं की काय करावं, हे त्यांना सुचेना.

“उभे काय राहिलात?” आईचा आवाज आता चांगलाच चढला. “पोरगी सकाळपासून मान वळवून वळवून मागे बघतेय. सगळ्या फोटोंत मान वाकडी यायची तिची. या वर.”

नवरीच्या तोंडून नुसतं “बाबा” निघालं. मामा, मावश्या, नवरदेवसुद्धा, सगळे न सांगता मंचावरून उतरले. डोळे मिटणारे मामा तर सर्वांत आधी. तिघंच राहिली.

जरासे स्टुलावर चढले. त्यांना डावीकडे, उजवीकडे काही सांगावंसं वाटलं नाही. वडिलांचे डोळे लेकीच्या पोशाखावरच्या टाक्यांवर खिळलेले, नवरी रडतेय आणि हसतेय, आणि आई समोर, थेट कॅमेऱ्याकडे, पासपोर्टच्या फोटोला बसावं तशी ताठ. तिचा हात मात्र आपल्या नवऱ्याच्या बाजूला रिकामा लोंबत होता, आणि त्यात सुईदोरा अजून होता.

“एकच काढा,” ती म्हणाली.

जरासेंनी एक काढला. नवरी म्हणाली, “काका, अजून एक.” आईनं ‘नको’ म्हटलं नाही. मग त्यांनी आणखी एक काढला, आणि आणखी एक. शेवटीशेवटी त्यांना समोरचं नीट दिसत नव्हतं. हातानं सवयीनं काम केलं म्हणून फोटो आले, ते काही त्यांच्या कौशल्यानं नव्हेत. लग्नात रडणाऱ्या फोटोवाल्याची ते आजवर टिंगल करत आले होते.

हॉल रिकामा होऊ लागला. वडील कुणाशी फारसं न बोलता, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले. जाताना ‘येतो’ म्हणाले नाहीत. जरासे वाकून वायर गुंडाळत होते, तेव्हा आई शेजारी आली आणि न विचारता तिनं वायरीचं दुसरं टोक उचललं.

“मघाशी सगळ्यांसमोर तोडून बोलले तुम्हाला. मनावर घेऊ नका.”

“छे हो. चूक माझीच. मला वाटलं, मलाच हाक मारली.”

तिनं वायरीला पडलेला पीळ काढला. धागे सोडवायची सवय असलेले ते हात होते.

“घरी कोण असतं तुमच्या?”

“मीच.”

तिनं शेवटचा वेढा घालून टोक खोचलं. मग गुंडाळलेली वायर त्यांच्या हातात देत म्हणाली, “वाटलंच. गिऱ्हाइकानं हाक मारली की फोटोवाला ‘बोला’ म्हणतो. ‘आलो’ घरी म्हणतात.”