गुलाबाचं फूल लावलेली लढाऊ बोट काढून टाका

बायांनो, सकाळी मी ग्रुपवर जो बोटीचा फोटो टाकला, तो आपापल्या फोनमधनं आत्ताच्या आत्ता काढा.

माझा थोरला मालवाहू जहाजावर हाय. वाटेत कुठल्या कुठल्या देशांच्या लढाऊ बोटी, गस्तीच्या बोटी दिसल्या की फोटो काढून मला धाडतो. फोटो आला की मी समजते, पोरगं खुशाल हाय. आज त्यातल्याच एकावर गुलाबाचं फूल चिकटवलं, 'शुभ सकाळ' लिहिलं आणि दिलं ग्रुपवर टाकून.

दुपारी त्याचा फोन. "आई, काढ ते! इथं लष्कराच्या बोटींचे फोटो काढायला बंदी हाय. कळलं तर मला धरून नेतील."

"मग काढलास कशाला रं?"

"तुला दाखवायला की!"

मी लगेच काढला. पण उचगावच्या जाऊबाईंनी तोवर स्टेटसला ठेवलाय. फोन केला तर म्हणतात, "राहू दे गं, फूल छान दिसतंय."

जाऊबाई, काढताय का मी येऊ तिकडं?

तेव्हापासून त्याला मेसेज करतेय, एकच टिक दिसतीय. तव्यावरची भाकरी करपली, माझं ध्यान फोनवर.

आता फोटो धाडू नको म्हणावं, तर पोरगं खुशाल हाय हे मला कळायचं कसं? सांगा की.