चढणीच्या माशांचा ठराव

आमच्या गावाखाली, वेल्ह्याच्या वाटेवर, नदीला एक खोल डोह होता. चार गावं त्यात मासे धरत. पावसाळ्यात अंड्यांनी जड झालेले मासे डोहातून निघून ओढ्यांच्या धारेवर उलटे चढायचे. ओढ्याच्या तोंडाशी बांबूचा सापळा लावला की सकाळपर्यंत टोपली भरायची. पण बहात्तरच्या दुष्काळाआधी दोन-तीन वर्षं मासा हाताला लागेनासा झाला आणि प्रत्येक गाव दुसऱ्यावर आळ घेऊ लागलं.

तेव्हा पुण्याहून मत्स्य खात्याचे एक साहेब एस.टी.ने आले. चढणीचा मासा दोन महिने सोडा, चारही गावं मिळून एकच नियम पाळा, मग डोहात सोडायला मी कटला-रोहू माशांचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, आणून देतो, असं त्यांचं म्हणणं होतं. बैठक चावडीवर भरली. आमचं घर बौद्धांचं. आम्ही चावडीच्या ओट्यावर बसत नसू. पण ठराव लिहिण्याजोगा मॅट्रिक झालेला मीच एकटा होतो. म्हणून त्या बैठकीत नेमलेल्या चार गावांच्या कमिटीच्या अध्यक्षांनी, ते शेजारच्या गावचे मोठे जमीनवाले, मला वर बोलावून जवळ बसवलं. त्या दिवसापासून लोक मला सेक्रेटरी म्हणू लागले. मला ते फार आवडायचं, हे आधीच सांगून टाकतो.

नदीच्या वरच्या अंगाला कातकऱ्यांच्या पाच-सहा झोपड्या होत्या. जमीन कुणालाच नव्हती. त्यांच्यातला एक जण खाली अंगणात उकिडवा बसून सगळं ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, “नियम चांगलाय. पर त्या दोन म्हैन्यांत आमी काय खायाचं?”

यावर बराच वेळ गेला. अखेर चार गावांनी मिळून त्यांना दोन महिने नाचणी द्यायची, असं ठरलं. मी तेही लिहिलं. खाली अंगठे उमटले.

पहिल्या वर्षी कातकऱ्यांना नाचणी पोचली आणि चढणीच्या माशाला कुणी हात लावला नाही. हिवाळ्यात डोहात वीतभर मासे कळपानं फिरताना दिसू लागले. माणसं मुद्दाम बघायला यायची. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या वर्षी एका गावानं सांगितलं, औंदा पीक कमी आहे. त्यांनी दिली नाही म्हणून बाकीच्यांनीही दिली नाही. मी एकदा अध्यक्षांच्या कानावर घातलं. ते बघू म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही.

श्रावण लागला त्या आठवड्यात त्याच कातकऱ्याला सापळ्यासकट धरून चावडीवर आणलं. टोपलीत सहा-सात मासे होते. त्यानं काहीच नाकारलं नाही. अध्यक्षांनी निकाल दिला, की सापळे मोडायचे आणि कातकऱ्यांनी वर्षभर नदीत उतरायचं नाही. मला लिहायला सांगितलं. मी लिहिलं, तेही अक्षर अगदी नीट काढून.

त्याची बायको अंगणात भिजत उभी होती. माणसं पांगल्यावर ती पुढं आली.

“दादा, नाचनी आली न्हाई, हे बी लिव्हलंस का?”

मी ते लिहिलं नव्हतं. ठरावाची वही उघडून आणखी एक ओळ घालायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. पण उद्या आपल्याला पुन्हा खाली बसवतील, या भीतीनं मी वही काखेत मारून घरी निघून गेलो.

आठ-दहा दिवसांत झोपड्या रिकाम्या झाल्या. कुणी म्हणे, ती माणसं घाट उतरून महाडकडे कोळशाच्या भट्ट्यांवर गेली.

मग दुष्काळ पडला. आम्ही सगळेच रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागलो. दगड फोडायला सुरुंगाची दारू तिथं होतीच. वैशाखात डोह निम्म्यावर आला, तेव्हा एका दुपारी कामावरच्या चौघांनी त्यात दारूचे दोन तोटे पेटवून टाकले. आवाज ऐकून मी धावत गेलो. सगळं पाणी पांढरं दिसत होतं. लहान-मोठे मासे पोट वर करून तरंगत होते. चारही गावं टोपल्या घेऊन लोटली. अध्यक्ष काठावर उभे राहून आपल्या गड्यांना जागा दाखवत होते. मी ठरावाचा विषय काढला.

“पोटाला न्हाई तितं ठराव कसला?” ते म्हणाले. “तुमीबी घ्या चार.”

मी घेतले. टॉवेलात बांधून घरी नेले. घरी कित्येक महिने रेशनवरच्या लाल मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, भाकरी चालली होती. आईनं मासे चिरले, तर पोटं गाभोळीनं, अंड्यांनी, भरलेली. तिनं ती तव्यावर परतली आणि मला आधी वाढली. चव चांगली लागली. त्या चवीचा मला अजून राग येतो.

पावसाच्या तोंडावर साहेब आले. बीज सोडण्याआधी त्यांना डोह पाहायचा होता. चारही गावांना निरोप धाडला होता, पण मी सोडून कुणी आलं नाही. साहेब काठानं फिरले, पाण्यात एकही मासा हलत नव्हता. कुणी केलं, असं त्यांनी विचारलं नाही. विंझरला एस.टी.ची वाट पाहत चहा घेताना एवढंच म्हणाले, की बीज आता दुसऱ्या तालुक्याला देतो.

पुढं दोन वर्षांनी मी महाडच्या बाजूला भट्ट्यांवर चौकशी करत फिरलो. भेटल्यावर त्या बाईला काय सांगणार होतो, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. एका भट्टीवर कळलं, की वेल्ह्याकडचा एक कातकरी तिथं होता, तो मागच्या उन्हाळ्यात तापानं गेला आणि बायको कुठं गेली ते कुणाला माहीत नाही. तो तोच होता का, हे सांगणारं तिथं कुणी नव्हतं. त्यानंतर मी शोधायला गेलो नाही.