चावी फक्त मालकाची

एअरबॉक्स फुटला तेव्हा माझं तोंड त्याच्यापासून हातभर अंतरावर होतं. आधी धक्का आला, कुणीतरी दोन्ही कानांवर एकदम तळहात हाणावेत तसा. मग काळ्या प्लास्टिकचे तुकडे उडाले. एक माझ्या भुवईत घुसला, एक शेजारच्या माणसाचा गाल चिरत गेला. इंजिनावर निळी ज्योत पसरली आणि तीन फायर एक्स्टिंग्विशर एकाच वेळी सुटले. पांढरी पावडर खाली बसते आहे तोवर ड्रायव्हरच्या सीटवरून काकांचा आवाज आला, "लागली का रे?" म्हणजे गाडी सुरू झाली का; आम्हाला लागलं का, हे नव्हे.

काका माझे कुणी लागत नव्हते. हृदयाचे निवृत्त डॉक्टर, पुण्याचे, सत्तरच्या दशकात इकडे आलेले, सनीव्हेलमध्ये घर. पहिली बरी नोकरी लागल्यावर त्यांनी ही जर्मन दोन दारी गाडी नवीकोरी घेतली होती आणि बायकोहून जास्त जपली होती. हे वाक्य माझं नाही, काकूंचं आहे.

अशा जुन्या गाड्यांचे दहा-बारा मालक दर शनिवारी सकाळी सांता क्लाराला एका गराजमध्ये जमायचे; माझ्याकडे तसली गाडी नव्हती, मला काका सोबत न्यायचे. ते गराज या मालकांच्या क्लबच्या अध्यक्षाचं. हा चाळीस वर्षं लेथवर काम केलेला दांडगा गोरा म्हातारा. मी त्याला मनातल्या मनात लेथवाला म्हणायचो. त्याचे काही नियम होते, आणि त्यातला पहिला म्हणजे गाडीची चावी फक्त मालक फिरवणार. दुसऱ्याच्या गाडीत बसून ती सुरू करणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. मालक पुढे बसायचा आणि बाकीचे सगळे मागे, कारण या गाड्यांचं इंजिन मागे असतं. तिथे कान लावून ते रोगाचं निदान करायचे.

एअरबॉक्स म्हणजे इंजिनावरचा प्लास्टिकचा डबा. इंजिनात जाणारी हवा त्यातून जाते. इंजिन थंड असेल तर पहिल्या क्षणी थोडं पेट्रोलही त्याच डब्यात फवारलं जातं. अशा वेळी जाळ उलटा मागे आला की डबा म्हणजे बॉम्ब. त्याला स्प्रिंगची एक झडप बसवली की जोर निघून जातो आणि डबा वाचतो. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यासाठी डब्याला भोक पाडावं लागतं, आणि काका प्रदर्शनांत या गाड्यांचे परीक्षक होते. कारखान्यातून निघाली तशीच गाडी हवी म्हणून ते दुसऱ्यांचे गुण कापायचे. स्वतःच्या गाडीला भोक कसं पाडणार? सहा वर्षांत फुटलेला हा त्यांचा तिसरा डबा होता.

मी इचलकरंजीत डिझेल पंप दुरुस्तीच्या दुकानात शिकलो. पंपाचं माप चुकलं की आमचा उस्ताद त्याच पान्याने बोटांवर मारायचा, त्यामुळे मापं लवकर पाठ झाली. पुढे कॉम्प्युटर शिकून सॉफ्टवेअर टेस्टिंगला इकडे आलो आणि दोन हजार एकमध्ये नोकरी गेली. बायको चिप कंपनीत होती, ग्रीन कार्ड तिच्यामुळे मिळालं. मग मी लिलावातून ठोकलेल्या गाड्या घेऊन, बऱ्या करून विकायला लागलो. दोन हजार चारपर्यंत माझी स्वतःची शेड होती. या सगळ्यात मी कुठलीही वस्तू पहिल्या सांगितलेल्या किमतीला घेतली नाही. दाताच्या डॉक्टरशीसुद्धा घासाघीस केली आहे. लोक याला हलकेपणा म्हणतात. ज्यांच्या वडिलांनी शिक्षणाचा खर्च केला त्यांना तसं म्हणायला परवडतं.

त्या दिवशी काकूंनी त्यांच्या किचनमध्ये माझ्या भुवईवर बर्फ धरला होता.

"डोळा गेला असता," त्या म्हणाल्या. "विकून टाका ती अवदसा."

"मी घेतो," मी म्हणालो.

काका हसले. "तुला परवडायची नाही."

"दोष शोधून देतो. सहा वर्षांत तुमच्या गोऱ्यांना सापडला नाही, तो. पण मग गाडी मला, तुम्ही नवीन घेतली होती त्या किमतीत."

"अरे, ती किंमत आता कुठे राहिली?"

"आणि आज तिला कोण घेतंय? बॉम्ब आहे तो, काका."

काकांनी चहात चमचा फिरवला. मग म्हणाले, "दिली. माझा शब्द."

"मी ऐकलंय हां," काकू म्हणाल्या.

इथून पुढचे दोन महिने ती गाडी माझ्या शेडमध्ये होती. डबा बदलायचा तर इंजिन खाली उतरवावं लागतं. मी ते उतरवलं, प्रेशर गेज लावून पेट्रोलचा दाब थंडीत मोजला, गरम झाल्यावर मोजला, प्रत्येक नळी साबणाचं पाणी लावून तपासली, इंजेक्टर काचेच्या ग्लासात फवारून बघितले. दोष मिळेना. नवा डबा बसवून मी गाडी अकरा सकाळी सुरू केली. अकराही वेळा ती पहिल्या फेऱ्यात लागली. शेड माझी होती, तिथे लेथवाल्याचा नियम चालत नव्हता.

दोष कुठे होता हे मला माहीत नव्हतं, पण तो गेला होता. मी काकांना फोन केला, "झाली."

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी गाडी क्लबात नेली. रात्रभर ती लेथवाल्याच्या गराजमध्ये थंड होत राहिली. सकाळी काका बसले, आम्ही सगळे मागे. चावी फिरली, इंजिन खोकलं आणि डब्यात एक फटका बसला, फार मोठा नाही, पण तोच. इंजिन बंद पडलं.

लेथवाला माझ्याकडे वळला. "तुझ्याकडे अकरा वेळा लागली म्हणालास."

"लागली."

"आणि दोष सापडला की गाडी तुला मिळणार."

"हो."

"म्हणजे जो दोष शोधणार तोच दोष पेरतोय. चांगला धंदा आहे. मालक कंटाळेपर्यंत फोडत राहायचं."

मी काकांकडे बघितलं. ते काचेतून मागे बघत होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं. त्यांनी एक शब्द बोलायचा होता. 'हा मुलगा तसा नाही', एवढंच. ते काही बोलले नाहीत.

मी लेथवाल्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याचा एक दात गेला आणि माझ्या हाताचं करंगळीमागचं हाड मोडलं, ते मला नंतर कळलं. तो सत्तरीचा होता पण ओंडक्यासारखा. त्याने टॉर्क रेंच उचलून माझ्या बरगड्यांत घातला. मी ड्रायव्हरच्या उघड्या दाराशी काँक्रीटवर पडलो. त्याने माझ्या पाठीवर गुडघा रोवला आणि मान खाली दाबली, गाल फरशीला टेकेपर्यंत. तोंडात रक्त आणि ऑइल एकत्र आलं. कुणीतरी ओरडत होतं, सोड त्याला, मरेल तो.

काकांना ते बघवेना. काहीतरी करायला हवं म्हणून ते म्हणाले, "थांबा, थांबा, मी पुन्हा लावून बघतो."

माझा डोळा त्यांच्या बुटापासून फूटभर लांब होता. मी बघितलं, तो तपकिरी बूट अ‍ॅक्सिलरेटरवर गेला आणि दाबला. एकदा, दोनदा, तीनदा. मग चावी फिरली.

या वेळी डबा पूर्ण फुटला. मागे कुणाच्या तरी बाहीला आग लागली. लेथवाला माझ्या पाठीवरून उठून एक्स्टिंग्विशरकडे धावला आणि मी तिथेच पडून हसायला लागलो. बरगडी मोडलेली असताना हसणं फार दुखतं.

पुण्यात काका ज्या गाडीवर शिकले ती चोक आणि कार्बोरेटरवाली होती. तिला थंडीत सुरू करायचं तर आधी दोन-तीनदा अ‍ॅक्सिलरेटर मारायचा, हे आपल्याकडे प्रत्येक बापाने प्रत्येक मुलाला शिकवलं आहे. कार्बोरेटरला ते चालतं. या गाडीला पाय लावायचाच नसतो. मी डिझेलवर शिकलो, शेडमध्ये अकराही वेळा मी पाय लावलाच नव्हता. नको तेव्हा हवेचं दार उघडतं, मिश्रण बिघडतं आणि जाळ उलटा येतो. दर वेळी नाही, पण थंड सकाळी बऱ्याचदा. सहा वर्षं दहा शहाणी माणसं इंजिनाकडे बघत होती. मालक पुढे काय करतो हे बघायला पुढे कुणी नव्हतंच. आणि उन्हाळ्यात, गरम इंजिनावर, त्या पायाने काही बिघडत नव्हतं; सहा वर्षांपूर्वी निवृत्त होईपर्यंत काका ती फक्त उन्हाळ्यातच काढायचे. म्हणून काकांनाही कळलं नाही.

हॉस्पिटलमधून हात प्लास्टरमध्ये घेऊन मी थेट त्यांच्या घरी गेलो.

"काका, दोष तुमच्या पायात आहे."

"काय?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"सत्तावीस वर्षं चालवतोय ही गाडी. मॅन्युअल मी पाठ केलंय. तू मला गाडी सुरू करायला शिकवणार?"

"तीन वेळा दाबलात. मी खाली पडलो होतो, बघितलं मी."

"डोक्याला मार लागल्यावर माणसाला काहीही दिसतं. हे मी डॉक्टर म्हणून सांगतो."

काकू दारात उभ्या होत्या. "अहो, आपल्या रोजच्या कॅम्री गाडीलासुद्धा तुम्ही तसंच करता," त्या म्हणाल्या.

"तू आत जा."

मग मी लेथवाल्याला फोन केला. त्याने फोन आपटला नाही, याचं मला नवल वाटलं. मी सौदा ठेवला. नवा डबा तू तुझ्या हाताने बसव. गाडी तुझ्याकडे, चावी तुझ्या ड्रॉवरमध्ये. दोन शनिवार सकाळी थंड इंजिन मी सुरू करणार. नाही लागली तर तुझ्या दाताचा खर्च माझा आणि क्लबात पुन्हा माझं तोंड दिसणार नाही. तो म्हणाला, "दाताचे तू तसेही देणार आहेस." हे मी मान्य केलं. पहिल्या शब्दाला मान्य केलेली माझ्या आयुष्यातली ही एकच किंमत. काकांना त्यानेच तयार केलं, कसं ते मला माहीत नाही.

पहिल्या शनिवारी मी बूट काढले, गाडी न्यूट्रलला आहे हे त्याला दाखवलं आणि सीटवर पंगतीला बसल्यासारखी मांडी घातली. डाव्या हाताने चावी फिरवली. लागली. दुसऱ्या शनिवारीही लागली.

लेथवाला दाराशी उभा होता. इंजिन बंद करून ते थंड व्हावं म्हणून त्याने मला दोन तास बसवून ठेवलं, मग गाडी रात्रभर तशीच राहू दे म्हणाला. रविवारी सकाळी सगळ्यांना परत बोलावलं. मी पुन्हा सीटवर मांडी घालून बसलो.

"मांडी घालून लागते हे कळलं," तो म्हणाला. "पायाने फुटते हे कुठे कळलं? अर्धाच पुरावा आहे हा."

सगळे काकांकडे बघायला लागले. काका माझ्या खिडकीशी आले, वाकले आणि मराठीत बोलले, कारण तिथे ती दुसऱ्या कुणाला कळत नव्हती.

"हे बघ, गाडी तुझी. आपल्या ठरल्या किमतीत. कागद मी आज सही करतो. फक्त यांना सांग, वॉर्म-अप व्हॉल्व्ह खराब होता आणि तू तो बदललास. पायाचं सोड. पंचवीस वर्षं मी यांच्या गाड्या तपासतोय रे."

"मग ते विचारतील, आधी खराब व्हॉल्व्ह कुणी बसवला होता."

"विचारू देत. तुला गाडी मिळतेय ना?"

"चोर म्हणून मिळतेय, काका."

"तुला कधीपासून असल्या गोष्टींचं वाटायला लागलं?"

त्यांनी हे सहज विचारलं, पेशंटला झोप लागते का विचारावं तसं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. माझ्याबद्दल त्यांना खरंच तसं वाटत होतं, पहिल्या दिवसापासून. मला ती गाडी इतकी हवी होती की दोन महिने मी झोपेत तिच्या नळ्या मोजत होतो. आणि ती माझ्या मांडीखाली होती, फक्त हो म्हणायचं होतं.

मी मांडी सोडली. पाय खाली ठेवला. लेथवाल्याला इंग्रजीत म्हणालो, "मागे जाऊ नकोस. इथे थांब, माझ्या पायाकडे बघ."

"ए," काका म्हणाले. "ए, नको."

एक, दोन, तीन. चावी.

फुटला. पूर्वीपेक्षा मोठा, कारण मी पाय सोडला नव्हता. मागची काच तडकली. या वेळी आग इंजिनाच्या रबरी नळीला लागली, आणि ती विझेपर्यंत मागचा सगळा रंग फोड येऊन सोलवटला होता. वायरिंग गेलं. इंजिनाची काळी झालेली बाजू बघून कुणीतरी टोपी काढली. मी अजून सीटवरच होतो, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर.

लेथवाला माझ्या पायाकडे बघत होता. मग त्याने काकांकडे बघितलं आणि विचारलं, "तू असंच करायचास?"

 काका भिंतीला टेकून खाली बसले आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत राहिले.

दाताचे पैसे मी दिले. क्लबच्या पत्रकात पुढे एक ओळ छापून आली की थंड इंजिन सुरू करताना पाय दूर ठेवावा. खाली शोधणाऱ्याचं नाव नव्हतं, नियमाप्रमाणे अध्यक्षाची सही होती. जळकी गाडी सुट्या भागांसाठी टेक्सासमधल्या एकाने नेली. मला ती कुणी देऊ केली नाही, आणि दिली असती तर मी किती कमी करायला लावले असते हे मला माहीत आहे.

मला त्या दहा माणसांसमोर काकांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं. त्यासाठी मी गाडी जाळली आणि ते वाक्य तरीही आलं नाही. बायको म्हणते, तू वेडा आहेस, माणूस म्हातारा आहे, सोडून दे. मी सोडलेलं नाही.

काकूंचा फोन दर दिवाळीला येतो. मागे काका खोकत असतात. त्या विचारतात, "देऊ का त्यांना?" मी म्हणतो, "त्यांना बोलायचं असेल तर द्या." मग काकू फोनवर तळहात ठेवतात, आणि परत आल्या की फराळाचं विचारायला लागतात.