पंच्याचं मुसकं

पहिला चावा म्हाताऱ्या कुत्रीच्या कानाला बसला. पिकअपच्या मागच्या पिंजऱ्यात सहा सलुकी होते, शिकारी जातीचे, लांब पायांचे, आणि मध्ये पाण्याचं एकच घमेलं. काळ्या नराने तिचा कान पकडला तो सोडलाच नाही. मान हिसडत तो ओढत राहिला. घमेल्यातलं पाणी लाल झालं.

आखातात, रास अल खैमा शहराबाहेर एका अरबी मालकाच्या फार्मवर मी या कुत्र्यांची देखभाल बघतो. मालकाला इथे सगळे अरबाब म्हणतात. खाणं, औषधं, आजारपण. आमच्या घरात दहावीपुढे शिकलेला मी पहिलाच. तालुक्याच्या शाळेतल्या एका सरांनी मला रोज संध्याकाळी आपल्या घरी बसवून शिकवलं, म्हणून प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालो आणि इथवर आलो. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. कुत्रे पळवण्याचं काम रत्नागिरीकडच्या एका वयस्कर गृहस्थांकडे आहे. वीस वर्षं ते हेच करतात. सगळे त्यांना मामू म्हणतात. ते मला मास्तर म्हणतात, पण कौतुकाने नव्हे.

ऑक्टोबरात हिवाळी शर्यतींची तयारी सुरू होते, पण ऊन अजून हटलेलं नसतं. म्हणून उजाडताना कुत्रे वाळूवर पळवायचे आणि सूर्य चढायच्या आत त्यांना एसीच्या खोलीत आणायचं. त्या दिवशी परतताना मागचं चाक रुतलं. मामूंनी टायरची हवा कमी केली, फावड्याने वाळू उपसली, तरी गाडी जागची हलेना. आठ वाजून गेले. पिंजऱ्याचे गज हाताला चटके देऊ लागले, तेव्हा कुत्रे पाण्यावरून एकमेकांवर तुटून पडले.

मामूंनी गजांमधून फावड्याचा दांडा घालून काळ्याच्या बरगड्यांत दोनदा हाणला. तो सोडेना. मी आत शिरलो आणि त्याचे मागचे पाय धरून त्याला खेचलं. म्हातारीच्या कानाचा तुकडा त्याच्या दातांतच राहिला.

"बाहेर काढ त्याला, मास्तर! सगळ्यांना फाडेल तो!"

मी त्याला गाडीच्या सावलीत बांधलं. तो माझ्यावरही झेपावला. तेव्हा मी गळ्यातला पंचा काढला, त्याच्या जबड्याभोवती तीन वेढे आवळले आणि कानामागे गाठ मारली. मळणीच्या वेळी वडील बैलांना मुसकं बांधायचे. तोंड बांधलं की जनावर निवळतं, हे माझ्या हातांना लहानपणापासून ठाऊक होतं. वडिलांचं मुसकं काथ्याच्या जाळीचं असायचं, त्यात बैलाचं तोंड हलायचं, हे काही तेव्हा आठवलं नाही.

काळा खरंच गप्प झाला. मी समाधानाने फावडं घेतलं आणि मामूंच्या जोडीला लागलो.

दहा-पंधरा मिनिटांनी मामूंनी वळून पाहिलं आणि ते किंचाळले. काळा आडवा पडून पाय झाडत होता. वाळूत त्याच्या पायांनी खड्डे पाडले होते. पंच्यातून घट्ट फेस गळत होता. मामूंनी चाकूने पंचा कापला आणि चाकू टाकून त्याच हाताने माझ्या थोबाडीत दिली. मी पडलो. त्यांनी मला लाथही घातली.

"तोंड बांधलंस? उन्हात? अरे, त्याचा जीव जिभेवर असतो!"

कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकतच तो थंड होतो. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, आकृतीसकट.

कॅनमधलं पाणी आम्ही त्याच्या पोटावर, जांघांत, पंजांवर ओतलं. मी ओलं गोणपाट त्याच्यावर पसरलं, तर मामूंनी ते हिसकून फेकलं. "झाकू नको! आत वाफ धरते. ओत आणि वारा घाल!" मी शर्ट काढून वारा घालत राहिलो. त्याच्या हिरड्या विटेसारख्या लाल झाल्या होत्या. त्याला रक्ताची उलटी झाली. एकदा अंग कमानीसारखं ताठलं, जबडा कडकन मिटला, आणि मग सगळं सैल पडलं.

ते गोणपाट चाकाखाली घातल्यावर शेवटी गाडी निघाली. काळा माझ्या पायांपाशी होता. मामू समोर बघत म्हणाले, "अरबाबला सांग, पळताना कोसळला. खलास. तुझी नोकरी राहील."

मालक फाटकातच उभा होता. त्याने काळ्याचं तोंड उचलून पाहिलं. कापडाचे वळ अजून दिसत होते.

"कौन बांधा?"

मामूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मैंने बांधा," मी म्हणालो.

त्याने माझ्या बनियनला धरून मला पिंजऱ्यावर आदळलं. तापलेल्या गजांनी पाठ भाजली. त्याची मूठ वर गेली, आणि तेवढ्यात माझ्या मागून त्या पाच कुत्र्यांची धाप त्याला ऐकू आली असावी. त्याने मला सोडलं.

"पहले इन को उतारो! यल्ला!"

एकेकाला उतरवून आम्ही पंख्यासमोर नेलं आणि नळीने भिजवलं. म्हातारी शेवटी राहिली. तिच्या कानातून रक्त वाहत होतं आणि कोणालाही ती जवळ येऊ देत नव्हती. मामूंनी विचारलं, "आता हिला कशी उतरवणार, मास्तर?"

मी तिच्या पोटाखाली हात घातला आणि तिला उचललं. तिने माझ्या दंडात दात रुतवले. पंख्यापर्यंत वीस पावलं होती. मी तिचं तोंड धरलं नाही.