किल्लीला डिंक लावणाऱ्या बाई

सुनंदाबाई गेल्याचं मला दुकानाच्या दारातच कळलं. मी माल उतरवून घेत होतो. कॉलेजचा शिपाई सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "हमीदभाऊ, बाई गेल्या." कुठे गेल्या, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मिटलं. हृदयविकाराचा झटका... दवाखानाही गाठता आला नाही. महिना उलटून गेला, तरी माझा राग काही उतरत नाही. काम अर्धवट टाकून उठणं हा बाईंचा स्वभावच नव्हता.

बाई चंद्रपूरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. माझं दुकान हिरडा, बेहडा, मोहफूल, डिंक असल्या जंगली मालाचं. नव्वदच्या दशकात एकदा त्या आल्या आणि कुरखेड्याकडच्या धावड्याचाच डिंक हवा, दुसऱ्या झाडाचा एक खडाही नको, असं बजावून सांगू लागल्या. लाडू करणाऱ्या बाया इतकी चिकित्सा करत नाहीत, म्हणून मी कारण विचारलं. एड्सवर काम करते आहे, म्हणाल्या. मला हसू आलं. त्या काळात आमच्या गल्लीतला एक ट्रक ड्रायव्हर याच आजारानं गेला होता आणि त्याच्या मयतीला शेजारीसुद्धा फिरकले नव्हते. बाई मात्र गेल्या होत्या. बाळंतिणीच्या डिंकाचा त्या आजाराशी काय संबंध, असं मी म्हटल्यावर त्या स्टुलावर बसल्या आणि मला शिकवायलाच लागल्या. डिंक म्हणजे साखरेच्या कणांची लांबलचक साखळी. तिला गंधकाचे गट जोडले की ती विषाणूच्या आवरणाला चिकटते, मग त्याला पेशीत शिरता येत नाही. "चोराले मारत नाई बसाचं, भाऊ," त्या म्हणाल्या. "त्याच्या किल्लीलेच डिंक लावाचा. कुलपात गेलीच नाई पायजे."

वर्षांमागून वर्षं गेली. कधी आम्लात डिंक जळून काळा पडायचा, कधी गंधक जोडलाच जायचा नाही. बाई पुन्हा दुकानात हजर. विषाणूची चाचणी इथे होणं शक्य नव्हतं, नमुने बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत जात. अखेर तिथून कळलं, की काचेच्या ताटलीत विषाणू पेशीबाहेरच अडला! बाईंनी माझ्या दुकानात पेढे वाटले आणि तिथेच घोळ झाला. डिंक घेऊन आलेल्या कुरखेड्याकडच्या लोकांनी पेढे खाल्ले, बातमी गावी नेली, आणि घरोघर पोचेपर्यंत तिचं 'डिंकानं एड्स बरा होते' असं झालं. आमच्याकडे डिंक म्हणजे अंगात ताकद आणणारी वस्तू, त्यामुळे शंका घ्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

त्यातल्याच एकानं पुढच्या खेपेला मोठ्या कौतुकानं मला सांगितलं, की गावातल्या एका विधवेनं एड्सच्या सरकारी गोळ्या सोडून डिंक धरला आहे. तिला इथे शेवंता म्हणतो, खरं नाव माझ्यापाशी राहू द्या. मी बाईंना सांगितलं, आणि दुसऱ्या सकाळी आम्ही दोघं कुरखेड्याच्या बसमध्ये होतो. ताटलीत अडला म्हणजे अंगात अडेलच असं नाही, हे त्या वाटभर स्वतःलाच सांगितल्यासारखं सांगत होत्या. त्यांच्या पदार्थानं रक्त गोठेनासं व्हायचं. पोटातून घेतला तर तो रक्तापर्यंत पोचणारही नव्हता. घरचा साधा डिंक तर त्याहून वेगळाच.

शेवंताची नुसती हाडं उरली होती. "गोळीनं मले मळमळते, बाई," ती म्हणाली. "डिंक मायनं बाळंतपणात चारला होता. तोच अंगी लागते."

बाई तिच्याजवळ सरकल्या. "त्या डिंकावर मीच काम करून राह्यली, शेवंता. मीच सांगतो, तो औषध नाई. झाला तं पयले तुलेच आणून देईन. पण तवरिक तुले जगाच लागते."

त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे नेऊन मळमळीवर उपाय करून घेतला आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. मग दर रविवारी बाई बसनं जात आणि येता-जाता आठवडी बाजारांत उभं राहून आपल्याच शोधाला औषध म्हणू नका, असं लोकांना सांगत. सरकारनं बाईंचं तोंड दाबलं, असंही काही शहाणे म्हणाले. बाईंनी बाजार सोडले नाहीत आणि प्रयोगशाळाही सोडली नाही. रक्ताची अडचण शेवटपर्यंत सुटली नाही. निवृत्तीनंतरही गंधक कमी-जास्त करून पाहणं चालूच होतं.

मागच्या आठवड्यात शेवंता दुकानात आली. लेकीचं बाळंतपण जवळ आलंय, लाडवांना डिंक हवा होता. निवृत्तीनंतर बाईंच्या तिकडच्या खेपा विरळ झाल्या होत्या, त्यामुळे त्या गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, तशी ती पायरीवर बसून राहिली. तिनं डिंक मागितला की 'गोळी सुरू आहे ना?' असं विचारल्याशिवाय तराजू उचलायचा नाही, ही बाईंची मला ताकीद. त्या दिवशी मी न विचारताच तराजूकडे हात नेला.

शेवंतानं पदरानं तोंड पुसलं.

"इचारा ना, भाऊ," ती म्हणाली. "बाई इचारत होत्या तसंच इचारा."

मी विचारलं.

"घेतली," ती म्हणाली. "सकाळीच."